एकाच्या मापावर

मोशीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक गडी रोज माझ्या शेजारी बसतो. क्वालिटीत आहे. दिवसभर गिअर मापतो आणि बसमध्ये आम्हाला.

"काका, इंग्रजीत 'अ' कंपनी म्हनायचं का 'द' कंपनी?"

"आपली ठरलेली कंपनी ना? मग 'द'," मी प्राध्यापकी थाटात सांगतो.

तो मान डोलावतो, उठतो आणि पुढच्या सीटवर जाऊन तोच प्रश्न विचारतो. मग ड्रायव्हरलाही. परत येऊन मला शेरा देतो, "बरोबर हाय तुमचं."

"अरे, माझ्यावर विश्वास नाही का?"

"हाय की! पन एकाच्या मापावर आमी माल सोडत न्हाई."

सुपरवायझरच्या जागेची मुलाखत इंग्रजीत होते आणि तिथं तो दोनदा पडलेला. परवा तिसरी खेप होती. काल बसमध्ये चढला आणि उभ्याउभ्याच सांगू लागला. मुलाखतीत मोठ्या साहेबांनी त्याचं एक वाक्य दुरुस्त केलं. यानं थँक्यू म्हटलं आणि शेजारच्या साहेबांना विचारलं, "सर, हे बरोबर आहे का?"

अख्ख्या बसनं कपाळाला हात लावला.

"मग रे?"

"मग काय, दोघांची जुंपली! शेवटी मोठे सायेब हसले. म्हनले, लायनीवर असाच मानूस पायजे. झालं काका शिलेक्शन!"

मी त्याचा हात दाबला. "यू डिझर्व्ह इट!"

तो लाजला, खाली बसला. मग हळूच पुढच्या सीटवर वाकला.

"दादा, डिझर्व्ह म्हंजी काय ओ?"