प्रॉम्प्टरचा आवाज मध्ये मध्ये येतो

फाईलच्या खाली सूचना होती: "जुन्या कॅसेटवरून घेतलेले रेकॉर्डिंग. आवाज खराब. प्रॉम्प्टरचा आवाज मध्ये मध्ये येतो, क्षमस्व. जागा लागत असल्याने खराब फाईली महिनाअखेर काढून टाकणार आहे." वर नाटकाचं नाव आणि आमच्या गावाचं नाव. मी ते चार वेळा वाचलं. ज्या आवाजाबद्दल हा अनोळखी माणूस जगाची माफी मागत होता, तो माझ्या वडिलांचा होता.

बाबूजी टपाल वाटायचे. तिरोड्याहून बोदलकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पाच-सहा गावं, सायकलवर. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले आणि गावोगाव नाटकं उभी राहिली की आमच्या गावच्या नाटकात ते विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. स्टेजवर जन्मात आले नाहीत. तोंडाला कधी रंग लागला नाही, वाट्याला टाळी आली नाही, आणि पत्रकावर नाव सगळ्यात खाली, तेही एखाद्या वर्षी राहून गेलेलं. संवाद मात्र सगळ्यांचे तोंडपाठ. नट अडला की हे वाक्य पुरवायचे, त्याने ते बरोबर उचललं की स्वतःशीच म्हणायचे, "हां." एका वर्षी गावातल्या कुणी हौशी माणसाने टेपरेकॉर्डर आणला आणि तो बाबूजींच्या पायाशी ठेवला, कारण कॅसेट पलटवायला तेच काय ते मोकळे. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये नट लांब आहेत आणि बाबूजी जवळ.

ही सवय त्यांनी घरीही सोडली नाही. आई गेल्यावर ते माझ्याकडे, गोंदियाजवळ कुडव्याला राहायला आले. मी लग्न केलं नाही. गोंदियाच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. घरात आम्ही दोघंच. मी फोनवर बोलताना शब्दासाठी थांबले की पेपरामागून शब्द यायचा. दुकानदार विचारात पडला की त्याचंही वाक्य हेच पूर्ण करायचे. समोरच्याने शब्द उचलला की, "हां." बहुतेक वेळा बरोबर असायचे, राग त्याचाच यायचा.

एका दुपारी शाळेच्या तपासणीवरून मुख्याध्यापकांचा फोन आला होता. मी काही तरी समजावून सांगत होते आणि अडले. मागून बाबूजींनी वाक्य दिलं. मी घेतलं नाही म्हणून पुन्हा दिलं, मग जरा मोठ्याने. मुख्याध्यापक हसले, "मॅडम, मागून कोणी सांगून राहिलं का?" मी फोन ठेवला आणि माझं डोकंच फिरलं.

"बाबूजी, माझं मला बोलू द्या. जिथं तिथं तुमचं तोंड कायले?"

ते म्हणाले, "बरं बाई."

मला वाटलं, दोन दिवस रुसतील. ते दोन वर्षं गप्प राहिले. म्हणजे चहा झाला, लाइट गेली, एवढं बोलायचे, पण कुणाला शब्द देणं बंद. मी कधी कधी मुद्दाम अडायची. "ते आपलं... काय म्हणतात त्याला..." असं म्हणून वाट पाहायची. ते आपल्या हाताकडे बघत बसायचे. माफी मी मागितली नाही. तीस वर्षं पोरांकडून माफ्या मागवून घेतलेल्या बाईला ती मागता येत नाही, एवढंच त्याचं कारण. मग एका हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन ते गेले.

माझ्या मोबाईलमध्ये त्यांचा एकच व्हिडिओ आहे. अंगणातल्या खुर्चीवर बसलेत, मी म्हणते, "बोला ना काही तरी, बाबूजी." ते मोबाईलकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि खाली बघतात. संपला. त्यांचा आवाज माझ्याजवळ नव्हता, आणि तो मीच बंद केला होता.

निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आमच्या भागातल्या, झाडीपट्टीच्या जुन्या नाटकांची टॉरंटची लिंक आली तेव्हा ती बहुधा मी एकटीनेच उघडली. बाकीचे सुप्रभातची फुलं पाठवण्यात गुंतलेले होते. टॉरंटमध्ये फाईल एका ठिकाणी साठवलेली नसते; ती ज्यांच्याकडे असते त्यांच्या कॉम्प्युटरमधून थेट आपल्याकडे येते. बाकीच्या नाटकांना दहा-वीस माणसं होती. आमच्या नाटकाला एकच, सूचना लिहिणारा तो. तो दुपारी दीडच्या सुमाराला हजर व्हायचा आणि साडेतीनला जायचा. खाली प्रतिक्रिया लिहायची जागा होती. 'कृपया काढू नका' असं मी तिथे दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

कुडव्याची आमची गल्ली सकाळी गाड्यांवर बसून गोंदियाला जाते आणि संध्याकाळी परत येते. मधल्या वेळात मी, भिंतीवरचं घड्याळ आणि शेजारच्यांचं बांधलेलं कुत्रं. मी एकटी आहे, हे मला त्या दुपारींमध्ये जेवढं कळलं तेवढं बाबूजी गेले त्या आठवड्यातही कळलं नव्हतं. बाराला जेवून घ्यायचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि ज्याचा चेहरा माहीत नाही त्या माणसाची वाट पाहायची. तो आला की यादीत त्याची ओळ दिसायची. वेग चार केबी, पाच केबी, मग शून्य, मग जोडणी तुटली. आठ दिवसांत सात टक्के झाले. हिशेब मला येतो. पुढचा दसरा तरी लागला असता. आणि महिना संपायला सतरा दिवस होते.

मग मी वाचायला बसले. कळलं ते असं, की त्याचा कॉम्प्युटर त्याच्या राउटरच्या आड आणि माझा माझ्या राउटरच्या आड. आपण न बोलावलेल्या कुणालाही राउटर आत घेत नाही. दोघांपैकी एकाने जरी आपल्या राउटरमध्ये एक पोर्ट मोकळा केला, म्हणजे अमुक नंबरावर जे येईल ते या कॉम्प्युटरकडे पाठव असं सांगून ठेवलं, तरी काम भागतं. तो काही करणार नव्हता. म्हणजे मीच.

राउटर उलटा करून खालचा पासवर्ड चष्मा पुसून वाचला, सेटिंगचं पान उघडलं, नंबर भरला. प्रोग्रामच्या कोपऱ्यातला, वाट बंद असल्याचं सांगणारा पिवळा त्रिकोण काही हलेना. माझ्या लाइनीला बाहेर स्वतःचा पत्ताच नव्हता. अख्ख्या वस्तीला मिळून एकच. केबलवाल्याला बोलावलं. तो माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल, कपाळावर गॉगल आणि खिशात टेस्टर.

"मॅडम, लाइन तो बराबर आहे. पिक्चर चालते ना?"

"चालते."

"मंग इस्पीड कायले पाहिजे तुमाले?"

मी काही तरी शास्त्रीय सांगणार होते. तोंडातून निघालं, "माह्या बाबूजीचा आवाज आनाचा आहे."

"कुठून?"

"माईत नाही."

त्याने मोबाईल काढला. ऑफिसला फोन लावला. "हां भैया, कुडवा वाली मॅडम को एक पब्लिक आयपी दे दो. नहीं, दुकान नहीं है, घर है. हां, घर को ही चाहिए."

संध्याकाळी त्रिकोण हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी नेमका तो फाईलवाला माणूस आलाच नाही. त्यानंतर एकदा लाइट गेली, आली, आणि त्रिकोण पुन्हा पिवळा. मी सगळं पुन्हा तपासलं. नंबर बरोबर होता. तो माणूस आता रोज यायचा, दोन तास असायचा आणि माझ्याकडे पाच केबीवर रखडायचा. असे दिवस जात राहिले. मी केबलवाल्याला फोन करून झापलं. तुमची कामं अशीच असतात, लोकांचा वेळ म्हणजे तुम्हाला काहीच वाटत नाही, वगैरे. वर्गात झापायची तसं, मधे त्याला बोलू न देता.

महिना संपायला चार दिवस उरले असताना केबलवाला आला. राउटरचं पान बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, "मॅडम, पोर्ट तो खुला आहे, पन तुमच्या मोबाईलकडे खुला आहे."

लाइट गेल्यावर राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो. या वेळी त्याने कॉम्प्युटरचा नंबर मोबाईलला देऊन टाकला होता. इतके दिवस तो अनोळखी माणूस बाबूजींना घेऊन माझ्या दारात येत होता आणि राउटर त्याला स्वयंपाकघरात कणकेच्या डब्याशेजारी पडलेल्या मोबाईलकडे पाठवत होता. मी इकडे बसून लोकांना शिव्या देत होते.

त्याने कॉम्प्युटरचा नंबर कायमचा बांधून दिला. मी म्हटलं, "माझं चुकलं."

"अवं, होते असं," तो म्हणाला आणि टेस्टर खिशात घालून गेला.

किती सहज निघालं ते तोंडातून. केबलवाल्याला एका दिवसात म्हणता आलं, आणि बाबूजींना दोन वर्षांत नाही. मी दार लावलं आणि तिथेच उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी एक चाळीसला त्या अनोळखी माणसाची ओळ दिसली. वेग पाच, मग पन्नास, मग चारशे. मी उठले नाही, पाणी प्यायले नाही, नुसती पंख्याकडे बघत राहिले, लाइट जाऊ नये म्हणून. तीनला पाच मिनिटं कमी असताना फाईल पूर्ण झाली. तो साडेतीनला नेहमीसारखा गेला.

आणि मी ती ऐकली नाही. धीर झाला नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या यादीत कुणीच दिसेना. बोलल्याप्रमाणे त्याने काढून टाकली होती. आता ते नाटक माझ्या एकटीकडे होतं. तेव्हा मी हेडफोन शोधला.

जनरेटरची घरघर, रडणारं पोर, पेटी. नट विहिरीतून बोलल्यासारखे. आणि अगदी कानाशी कागद उलटल्याचा आवाज, एक खोकला आणि बाबूजी. माझ्या आजच्या वयापेक्षा लहान माणसाचा आवाज. नटाच्या अर्धं वाक्य पुढे, घाई न करता. दोन अंक मी नाटक ऐकलंच नाही, फक्त सूचनेत माफी मागितलेला तो आवाज ऐकला.

तिसऱ्या अंकात नायिकेचा नवरा कित्येक वर्षांनी घरी येतो. तो आपलं वाक्य बोलला आणि नायिका अडली. बाबूजींनी दिलं, "उशीर झाला, पण आलात ना. बसा." काही नाही. मांडवात कुणी तरी शिट्टी मारली. त्यांनी पुन्हा दिलं, तितक्याच शांतपणे. तरी काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी जरा मोठ्याने दिलं, आणि दुपारी तीन वाजता, रिकाम्या घरात, मीच म्हणाले, "उशीर झाला, पण आलात ना. बसा."

तिकडे त्या नायिकेलाही तेव्हाच वाक्य सापडलं असणार. माझ्याच आवाजाखाली तिचा आवाज दबला. मला ऐकू आलं ते एवढंच, की विंगेतून, अगदी कानाशी, बाबूजी म्हणाले, "हां."