माझ्या चुकांची वही

सरांनी माझी वही उघडलीच नाय.

सोमवारची सकाळ होती. आदल्या दिवशी टेस्ट झालेली, आणि आता सरांच्या टेबलापुढं रांग. माझ्या पुढं सायली, तिचे आईवडील दोघंबी डॉक्टर. तिचा रसायनाचा एक प्रश्न चुकला होता. सरांनी तिथल्या तिथं पुन्हा सोडवायला लावला. पुन्हा चुकला, पुन्हा लावला. वीस मिनिटं गेली. मग माझा नंबर आला. सरांनी टेस्टचे मार्क बघितले आणि वही दोन बोटांनी माझ्याकडं सरकवली.

“तुझं एवढ्यात भागतंय. कशाला डोक्याला ताप? जा, आराम कर.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सायली जिन्यात थांबली होती. म्हणाली, “लकी आहेस यार. तुला पुन्हा सोडवावंच लागत नाही.”

आणि मला आनंद झाला. सांगताना आता स्वतःची किळस येते, पण झाला. अकरा प्रश्न चुकले होते, आणि एकबी पुन्हा करायचा नव्हता. क्रांती चौकातून पडेगावच्या रिक्षात बसले, घरी जेवले, दुपारभर झोपले.

ह्या क्लासचं शहरात नाव झालं ते ह्या वहीमुळं. चुकांची वही. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या सरावात जो प्रश्न चुकला तो घरी कोऱ्या पानावर पुन्हा सोडवायचा. सोमवारी सर बघणार. अजून चुकला तर का चुकला ते सांगणार, आणि तुम्ही पुन्हा सोडवणार. बरोबर येईस्तोवर सुटका नाय. देवगाव रंगारीहून मी मामाकडं राह्यला आले ती ह्या वहीसाठी. आईनं, मामानं मिळून भरलेली फी सायलीइतकीच होती.

पहिल्या दिवशी वह्या वाटताना सर प्रत्येकाला विचारत होते, “कॅटेगरी?”

मी म्हणाले, “एससी.”

साठ डोकी वळली. सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं एक आकडा लिहिला, त्याला गोल केला. म्हणाले, तुझ्या कॅटेगरीला एवढे मार्क पडले म्हंजी तुझं काम झालं. आकडा गाठला की वही तपासायची नाय, हा त्यांचा नियम. सायलीचा आकडा इतका वर की तिची वही वर्षभर तपासली जाणार. माझा बॅचमधी सगळ्यात खाली. मी तो दुसऱ्याच टेस्टला गाठला. झालं माझं शिक्षण.

राखीव जागा माझ्या हक्काची हाय. तिची लाज मला कधी वाटली नाय, वाटणार नाय. पण त्या जागेचं नाव पुढं करून हा माणूस मला शिकवायचंच टाळत होता, आणि मी त्याला सवलत समजून घरी जाऊन झोपत होते.

मग तो भिंगाचा प्रश्न आला. अंतर्गोल भिंग असलं की नाभीय अंतर उणे धरायचं, एवढीच गोष्ट. मी अधिक धरायची. पर्यायांत माझं चुकीचं उत्तर बरोबर हजर असायचं, मी ऐटीत खूण करायची. पहिल्यांदा चुकलं. घरी पुन्हा सोडवलं, तेच उत्तर आलं. मला वाटलं, उत्तरसूचीच चुकीची छापली असंल. पुढच्या टेस्टला तसलाच प्रश्न, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा पण तेच.

मामा गॅरेजमधी फिटर हाय. त्याला भिंगातलं काय कळतंय? पण मी वही आपटली तेव्हा तो म्हणाला, “तीनदा तेच बिघडतंय म्हंजी पार्ट नाय, हात चुकतोय. उस्तादाला दाखव.”

“ते बघत नायत.”

“का?”

मी सांगितलं. मामानं हाताचं ग्रीस पुसलं. मग बोलला, “पयल्या गॅरेजात मालक त्याच्या भाच्याला एकच गिअरबॉक्स चारदा खोलायला लावायचा. शिव्या घालायचा. मला म्हणायचा, तू फक्त पार्ट धू, तुझं चालतंय. सा वरसं धूत व्हतो म्या. मला वाटायचं, मालक लई चांगला हाय, मला कधी शिवी देत नाय.”



त्याच आठवड्यात सरांची कंबर धरली. वर्गात खुर्चीत बसूनच शिकवत होते. कुणीतरी ऑपरेशनचं विचारलं. सर हसत म्हणाले, “करायचं झालं तर आधी डॉक्टरचं आडनाव बघेन. कोट्यातला नको रे बाबा.” सगळा वर्ग हसला. सायली पण.

मी त्यांच्या हातातल्या लाल पेनाकडं बघत होते. म्हंजी माझी चूक हा माणूस दाखवणार नाय. मी ती तशीच घेऊन दवाखान्यात जायची. आणि उद्या ह्यानंच माझी पाटी वाचून म्हणायचं, हिच्याकडं नको. थू.

सोमवारी मी रांगेत उभी राह्यले. नंबर आला. सरांनी वही सरकवली. मी ती परत पुढं ठेवली, भिंगाचं पान उघडून.

“अगं, तुझं होतंय ना. बाकीच्यांचा वेळ का खातेस?”

“होतंय का नाय ते मी इचारलं नाय सर. चूक कुठं हाय ते दाखवा.”

“मी तुला मदतच करतोय.”

“मदत नको. शिकवा.”

टेबलावर त्यांचं लाल पेन होतं. मी ते उचललं. वहीचं पहिलं पान उघडलं आणि त्यांनी गोल केलेला आकडा खोडला, कागद फाटेस्तोवर. मागून सायली म्हणाली, “जाऊ दे ना यार.” मी वळून बघितलं नाय. हलले नाय. रांग खोळंबली. सरांचं तोंड लाल झालं. शेवटी ते कंबर धरून उठले, पिशवी घेतली आणि निघून गेले. वही उघडीच राह्यली.

भिंगातली चूक मला पुढं सरकारी लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात सापडली. दोन ओळींची होती. त्या दोन ओळी सांगायला सरांना एक मिनिट लागलं नसतं.

क्लास मी सोडलेला नाय. मी सोडावा, हेच तर त्यांना पायजे. परीक्षा अजून पुढं हाय, आणि तोवर दर सोमवारी रांगेत पहिली मी असते. सर बघत नायत. मी वही उघडून ठेवते आणि उभी राह्यते, माझ्यामागं साठ जणांची रांग तटते. उद्या माझ्यापुढं जो पेशंट झोपंल, त्याचं शरीर माझी कॅटेगरी इचारणार नाय. माझ्या चुका आजच निघाल्या पायजेत, ह्याच टेबलावर, ह्याच लाल पेनानं. वही तपासल्याबिगर मी बाजूला होणार नाय.