तेलाचा वास लागलेल्या कुरडया

जग बुडणार, हे मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हणालं तर मी त्याला आधी पाणी विचारते. तापी घरात शिरली तेव्हा ऐकलं, साथीत कारखाने बंद पडले तेव्हा ऐकलं. खानदेशातून सुरतला आलो, तेही गावात आता काही उरलं नाही असं ऐकूनच.

यंदा चैत्रात माझी लेक कुरडया करायला सुरतेजवळच्या कडोदऱ्याहून, तिच्या सासरहून आली आणि तिनं तेच सुरू केलं. युद्ध, ऊन, माणसांची कामं खाणारी यंत्रं, सगळं तिच्या फोनमध्ये. मी चुलीवर गव्हाचा चीक हाटत होते. ती म्हणाली, "माय, माले लेकरू नको. या जगनं काही खरं नही."

माझा हात थांबला. चीक खाली लागेल म्हणून परत हाटू लागले. वाईट वाटलं, फार वाटलं. भीती मलाही वाटते. गच्चीवर सकाळीच पाय भाजतात, पूर्वी असं नव्हतं. पण भीती वाटली म्हणून गहू भिजवायचं मी कधी सोडलं नाही. माझा हा हट्टी स्वभाव मला आवडतो.

कुरडया घालायला तिनं कापड अंथरलं. जावई लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, त्याच्या कारखान्यातलं कोरं कापड. ते कोरं म्हणजे स्वच्छ, असं बघणाऱ्याला वाटतं. लूमचं तेल त्यात मुरलेलं असतं, आधी धुवावं लागतं. ही बाई फोन बघत तसंच अंथरून मोकळी झाली, आणि माझंही लक्ष गेलं नाही.

वाळल्यावर एक तळून बघितली. घरभर कारखान्याचा वास. तिनं तुकडा तोंडात घातला आणि ढसाढसा रडायला लागली. मला हसू आवरेना. सगळं जग बुडवायला निघालेली माझी लेक, आणि रडते कशाला, तर कुरडया वाया गेल्या म्हणून!

डोळे पुसून ती कापड धुवायला बसली. मग स्वतःच गव्हाचा डबा काढला आणि म्हणाली, परत भिजवू, तोवर मी राहते.

"तुम्हा दोन्हीसपुरत्याच ना?" मी विचारलं.

ती गहू निवडायला बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "थोड्या जास्त कर, माय."