रश्मीच्या कपाटातले जुने स्कर्ट

मंडळी, आज ऊर भरून आला, म्हणून लिहायला बसले.

माझी सून रश्मी इथे शंकर नगरच्या एका शाळेत नर्स आहे. सकाळी डबा घरीच विसरली, तो द्यायला मी गेले. पाहते तर व्हरांड्यात सहावीतली एक पोट्टी फिट येऊन पडलेली. भोवती पोरांची गर्दी, अन् चौकीदार तिला हुंगवायला हातात चप्पल घेऊन पुढे आलेला.

"भैया, चप्पल पहन लीजिए," रश्मी शांतपणे म्हणाली. तिनं पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली. मग मला म्हणाली, "आई, पोरांसमोर आडव्या उभ्या राहा, पदर पसरून." पोरीचा स्कर्ट ओला झाला होता, ते मला तेव्हा दिसलं.

शुद्धीवर येताच पोरीनं पहिलं विचारलं, "दीदी, सबने देख लिया क्या?"

"किसी ने नहीं. आजी दीवार जैसी खड़ी थी ना."

रश्मीनं शाळेतल्या तिच्या कपाटातून धुतलेला स्कर्ट काढला. रविवारी मीच त्याला इस्त्री केली होती. ती जुने स्कर्ट मागून आणायची, अन् मी कुरकुरायची, "काहून आणतेस वं, आपल्या घरी कोण घालते?" ती नुसती हसायची.

पोरीची आई धावत आली तेव्हा लेक कोरड्या कपड्यांत बसली होती. तिला आजच डॉक्टरांकडे न्यायचं, हे रश्मीनं आईला नीट समजावलं.

शाळेतली नर्स पट्ट्या चिकटवण्यापलीकडे काय करते, असं लोक मला विचारतात. आता सांगता येईल.

तुमच्या घरी मुलांचे लहान झालेले युनिफॉर्म पडून आहेत का? आणून द्या. इस्त्री मी करते.