माझं दान नानांच्या हातून

“तू हात लावशी ते कवड्या बाटतीन.”

नाना हसत म्हणाले. मी पुढे केलेला हात मागं घेतला. माझ्या वाटच्या सहाही कवड्या त्यांनीच टाकल्या.

महायुद्धाचे दिवस. जळगावात कापसाच्या एका जिनात आम्ही चौघं गाठी रचायचो. नाना आमच्यात थोरले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, जिन बंद, पण गाठींच्या राखणीला एकाला थांबावं लागे. कोण थांबणार ते कवड्यांवर ठरे. प्रत्येकाचं एक दान. उताण्या पडतील त्या मोजायच्या, सगळ्यांत कमी ज्याच्या तो थांबणार. नियम सगळ्यांना सारखा. फक्त मी महार, म्हणून माझं दान नाना टाकायचे.

तीन आखाज्या मीच थांबलो. माझी बहीण साक्रीकडे दिलेली. वर्षातून एकदाच, आखाजीला, यावलला माहेरी यायची. तीन वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. बंद जिनात एकटा भाकरी खायचो आणि नशिबाला शिव्या घालायचो. मूर्ख होतो.

चौथ्या वर्षी मी नानांच्या हाताकडे नीट बघितलं. स्वतःच्या कवड्या ते ओंजळीत खुळखुळवून वरून टाकत. माझ्या? पालथ्या लावून जमिनीलगत नुसत्या सरकवल्या. एकही उताणी नाही.

मी म्हणालो, “नाना, हाई दान खोटं शे. मनं दान मीच टाकसू.”

मी अंगणातले चिंचोके दगडावर फोडून आणले. एक बाजू काळी, एक पांढरी. म्हटलं, चौघंही यावरच खेळू, ज्याचं त्यानं टाकायचं. नानांनी लाथेनं चिंचोके उडवले. उरलेले दोघं खाली बघत बसले. त्यातल्या एकाच्या तापात त्याच्या वाटच्या गाठी मी वाहिल्या होत्या. नानांच्या लाथेपेक्षा त्याचं गप्प बसणं जास्त लागलं.

मी फाटकातून निघालो ते थेट यावल गाठलं. बहिणीला भेटलो.

परतलो तर जिनाचा मुकादम वाट बघत होता. म्हणाला, दान खरं होतं, माझं नशीबच खोटं होतं असं चारचौघांत म्हण, लांबूनच नानांच्या पाया पड, काम राहील.

मी नाही म्हणालो. काम गेलं. ते दोघं फाटकापर्यंतसुद्धा आले नाहीत. रस्त्यावर मी एकटाच होतो, आणि रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

पण ठरलं ते ठरलं. पोटाला मिळो न मिळो, सोबत कुणी असो नसो. दुसऱ्यानं टाकलेल्या दानाला मी नशीब म्हणणार नाही.