कवळीकाकांची चार चाकं

आमच्या इमारतीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. अडतीस वर्षं त्यांनी दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. डॉक्टर रोग्याच्या जबड्याचं माप घ्यायचे, ते डबीतून काकांच्या खोलीत यायचं, आणि काका मेण, प्लास्टर नि बारीक कानस घेऊन त्या न पाहिलेल्या माणसाचं हसू घडवत बसायचे. "या गावातली अर्धी म्हातारी माणसं माझ्या दातांनी जेवतात," असं ते म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

पासष्टाव्या वर्षी काकांनी काम थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात स्पोर्ट्स कार घेतली. गडद हिरवी, दोनच माणसांची, इतकी बुटकी की शेजारी रिक्षा उभी राहिली तर रिक्षाच रुबाबदार वाटावी. ज्या दंतवैद्यांची कामं ते वर्षानुवर्षं करत आले होते, त्यांच्या मुलाची ही गाडी. तो परदेशी निघाला होता.

गाडी बघायला सगळी इमारत खाली उतरली. काकूही आल्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मागची सीट कुठाय?"

"नसते," काका म्हणाले.

"आणि डिकी?"

"दोन पिशव्या मावतात."

"म्हणजे भाजीची सोय आहे, लेकी-जावयाची नाही."

तरी त्या हौसेनं बसल्या. दोघं बाजारापर्यंत गेले. पण त्या मुलानं गाडीला अठरा इंची काळी रिमं बसवून घेतली होती आणि त्यांवर टायर इतके पातळ की रबराची नुसती पट्टी गुंडाळल्यासारखे. रस्त्यात बारीक खडा आला तरी तो पाठीच्या कण्यात मोजता यायचा. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या पत्र्याला घासून खर्रर्र आवाज करी. परतीला काकू एकट्याच बसनं घरी आल्या.

"गाडी देखणी आहे हो," त्या म्हणाल्या, "पण मला हाडं अजून लागणार आहेत."

काकांनी हे मनाला लावून घेतलं. चाकं बदलायची, हे त्याच संध्याकाळी ठरलं. कुठली, हे ठरायला मात्र पुढचे दोन महिने गेले.

जावई गाड्यांचा वेडा. दर रविवारी तो फोनमध्ये रिमचे फोटो भरून घेऊन येई. सोनेरी, तांबडी कड असलेली, जाळीदार. "बाबा, एकोणीस इंची टाकू. चाकावरची कमान कशी गच्च भरलेली दिसेल बघा!" काका चष्मा कपाळावर ढकलून फोटो बघायचे आणि प्रत्येक वेळी "छानच आहे" म्हणायचे. मुलगी वैतागायची. "बाबा, तुम्हाला सगळंच छान वाटतं. माझ्या लग्नाच्या वेळीही तुमचं असंच होतं." जावई घाईघाईनं पुढचा फोटो काढायचा.

शेवटी काका टायरच्या दुकानात गेले. दुकान बायपासच्या कडेला, पत्र्याचं, आत टायरचे मनोरे आणि रबराचा दाट वास. चालवणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या. वडिलांच्या पश्चात त्यांनीच ते हाती घेतलं होतं. कोपरापर्यंत हात काळे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. सगळे त्यांना टायरवाल्या ताई म्हणत. काकांनी खिशातून जावयानं दिलेली यादी काढली. ताईंनी ती वाचलीच नाही.

"तीन गोष्टी सांगा काका. गाडी कुठे चालवता?"

"गावातच. कधी घाटात जावं म्हणतो."

"किती चालवता?"

"आठवड्यातून दोन-तीनदा."

"आणि शेजारी कोण बसतं?"

काका अडखळले. "सध्या... कोणी नाही."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "मग ज्यानं बसायला हवंय, त्याला आधी घेऊन या. त्याशिवाय मी एक नटही फिरवणार नाही."

अशा रीतीनं काकू बुधवारी सकाळी त्या दुकानात आल्या. आणि तिथे जे झालं त्यानं काकाच नाही, सगळी इमारत चकित झाली.

काकू वाचनालयात होत्या, एवढं आम्हा सर्वांना ठाऊक होतं. आम्ही समजत होतो, काउंटरवर बसून शिक्के मारत असतील. प्रत्यक्षात त्यांनी बावीस वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली होती. डोंगरातल्या चौदा वाड्या, आठवड्याची फेरी, मागे फळ्यांवर अडीच हजार पुस्तकं. काकांना हे अर्थातच माहीत होतं. पण सकाळी ती गाडी निघायची तेव्हा काका मेण वितळवत असायचे, आणि ती परत यायची तेव्हाही तेच चाललेलं असायचं. बायको गाडी कशी चालवते, हे त्यांनी आयुष्यात पाहिलंच नव्हतं.

काकूंनी दुकानात शिरताच पदर खोचला आणि समोरच्या टायरची बाजू अंगठ्यानं दाबली. मग दुसऱ्याची. मग वाकून त्यावरचे बारीक आकडे वाचले.

"जावयानं कुठले टायर बघून ठेवलेत म्हणालात?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी फोन पुढे केला. कोणी तरी चार नवेकोरे टायर स्वस्तात विकत होता. फोटोही स्पष्ट होता. काकूंनी तो बोटांनी मोठा केला.

"हे बघा. या चार आकड्यांत पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. सहा वर्षांपूर्वीचा माल आहे. नवाकोरा असेल, पण गोदामात म्हातारा झालाय. पावसात असला टायर साबणासारखा पळतो."

टायरवाल्या ताईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काकूंकडे नीट पाहिलं. "काकू, तुम्ही काय चालवत होतात?"

"पुस्तकांची गाडी. पंक्चर मीच काढायचे. तिथे दुसरं होतं कोण?"

ताईंनी चहा मागवला. पुढचा तासभर त्या दोघीच बोलत होत्या, आणि काका स्टुलावर बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. बाहेरून चाकाची उंची तीच ठेवायची, तर रिम जितकं मोठं तितकं रबर पातळ. रबर पातळ की धक्का थेट हाडात. म्हणून रिम सोळा इंची घ्यायचं, म्हणजे वर रबराला जागा मिळेल. रिम हलकं हवं, कारण चाक जड असलं की ते खड्ड्यात आपटतं नि वर यायला वेळ लावतं. आणि फार बाहेर आलेलं नको, नाहीतर पुन्हा पत्र्याला घासेल. दोघींनी ठरवलं आणि काकांनी मान डोलावली.

रविवारी जावयाला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "आई, सोळा म्हणजे अगदी आजोबांची गाडी दिसेल हो."

"मग चालवणार कोण आहेत? आजोबाच ना?" काकू म्हणाल्या.

आता उरलं ते रिम पसंत करणं. इथे मात्र काका हटून बसले. त्यांना सात आऱ्यांचं एक रुपेरी रिम फार आवडलं होतं. ताईंच्या भिंतीवर नमुन्याचं एक टांगलेलं होतं आणि काका त्यावरून हात फिरवत राहायचे. अडचण एवढीच होती की दंतवैद्यांच्या मुलानं ब्रेकही मोठे करून घेतले होते. चाकाच्या आत एक लोखंडी चकती फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा एक जबडा असतो. तो जबडा आता नेहमीपेक्षा जाडजूड होता. रिमचे आरे त्याला लागणार तर नाहीत ना? ताईंनी कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, बहुतेक बसेल.

"बहुतेक!" काका घरी येऊन म्हणाले. "एखाद्याला बहुतेक बसेल अशी कवळी दिली असती तर त्यानं ती माझ्याच डोक्यात घातली असती. आणि जबड्याचं माप काय असतं ते मला कंपनी शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आवारात गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं, ब्रेक स्वच्छ पुसला आणि घरातून वाडगं, पळी नि जुन्या पिशवीतली, जबड्याचं माप घ्यायची गुलाबी पावडर आणली. पाण्यात कालवून तिचा लगदा केला आणि तो ब्रेकच्या जबड्यावर थापला. आम्ही गॅलऱ्यांतून बघत होतो. वॉचमन जवळ येऊन उकिडवा बसला.

"काका, गाडीला दात बसवताय?"

"माप तर घेऊ दे आधी," काका हात न थांबवता म्हणाले. "आणि हलू नकोस रे," हे ते गाडीला म्हणाले.

लगदा रबरासारखा घट्ट झाला, काकांनी तो हलकेच सोडवला, त्यात प्लास्टर ओतलं. संध्याकाळपर्यंत ओट्यावर ब्रेकचा पांढराशुभ्र जबडा तयार. काकूंनी त्याला बाजूला सरकवून कणीक मळली.

दुकानात काकांनी त्या प्लास्टरवर मेणाचा पातळ थर चढवला. गाडीत ब्रेक असतो तितक्याच अंतरावर मोजून तो जबडा धरला आणि लाडकं सात आऱ्यांचं रिम त्यावर हळूच फिरवलं. बाहेर काढून पाहिलं तर मेणावर दोन ठिकाणी ओरखडे.

"किती लागतंय?" ताईंनी विचारलं.

"दोन मिलिमीटर."

"दोनच? थोडं घासून..."

"ताई, माझ्या धंद्यात दोन मिलिमीटर म्हणजे दोन मैल." काका अर्धं मिनिट त्या रिमकडे बघत राहिले, मग स्वतःच ते भिंतीवर परत टांगलं. "दुसरं दाखवा."

दुसऱ्याचे आरे आठ होते आणि मध्ये बाहेरच्या बाजूला फुगलेले, गाल फुगवल्यासारखे. दिसायला साधं. पण मेण जसंच्या तसं बाहेर आलं, एक रेघही नाही. काकू म्हणाल्या, "हे बरं आहे. फार सुंदर गोष्टींकडे रोज बघवत नाही." काकांनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं, पण काकू टायर निवडण्यात गुंग होत्या. फार मऊ टायर कोरड्या रस्त्याला घट्ट चिकटतो पण लवकर झिजतो, म्हणून त्यांनी ओल्यातही पकड सोडणार नाही असा मधला घेतला. आकडे चारही टायरवर वाचले. त्या वर्षीचाच माल.

चाकं बसवायच्या दिवशी जावईही सुट्टी काढून आला. जुनं चाक त्यानं दोन्ही हातांनी, कण्हत उचललं. नवं रिम काकूंनी एका हातात घेऊन त्याच्या पुढ्यात धरलं. "हे बघा तुमच्या आजोबांचं." ताईंनी टायर चढवले, तोल साधला, नट समोरासमोरचे एकेक करून मापाच्या पान्यानं कट् आवाज येईपर्यंत आवळले. गाडी जॅकवरून खाली उतरली तेव्हा जावई दहा पावलं मागे गेला, मान वाकडी करून बघत राहिला आणि नाइलाजानं म्हणाला, "बाबा, चांगली दिसते हो."

घरी येताना शाळेपुढचा स्पीडब्रेकर आला. काकांनी वेग कमी केला, श्वास रोखला. गाडी वर गेली, खाली आली. काकांनी चोरून शेजारी पाहिलं.

"परत घ्या," काकू म्हणाल्या.

"काय?"

"स्पीडब्रेकर. वळवा आणि परत एकदा घ्या."

त्यांनी तो चार वेळा घेतला. चौथ्यांदा कोपऱ्यावरचा फळवाला उठून उभा राहिला. यांचं काही हरवलं असावं, असं त्याला वाटलं. काकू हसत होत्या आणि त्यांचं हसणं थांबत नव्हतं.

महिन्याभरानं गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर हौशी गाडीवाल्यांचा मेळावा होता. नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट केलेली. एकेकानं गाडी पळवायची, घड्याळ लावून वेळ मोजायची. शर्यत अशी नाही, गंमत. इमारतीतले आम्ही काही जण बघायला गेलो होतो. काकांनी हेल्मेट चढवलं आणि एक मिनिट सोळा सेकंदांत फेरी पुरी केली. एक शंकू आडवा झाला. उतरले तेव्हा चेहरा दिवाळखोरानं लॉटरी जिंकल्यासारखा.

काकूंनी हात पुढे केला. "किल्ली."

"अगं, ही तुझी पुस्तकांची गाडी नाही."

"म्हणूनच मागतेय."

त्यांनी चपला काढून काकांच्या हातात दिल्या, सीट पुढे ओढली, आरसा हलवला. पहिल्या वळणाच्या बऱ्याच आधी त्यांनी ब्रेक दाबला. बघणाऱ्यांपैकी कोणी तरी "घाबरल्या" असं म्हणालं. पण मग वळणात गाडी अशी गेली, जशी सुई कापडातून जाते. पुढचं वळण, त्यापुढचं, एकही शंकू हलला नाही. काका चपला छातीशी धरून चवड्यांवर उभे होते.

एक मिनिट नऊ सेकंद.

"ब्रेक वळणाच्या आधी मारायचा असतो, वळणात नाही," काकू हेल्मेट काढत म्हणाल्या. "मागे अडीच हजार पुस्तकं असली की हे लवकर कळतं. चुकलं की कवितांची फळी सगळ्यात आधी खाली."

काका मान मागे टाकून इतक्या मोठ्यानं हसले की त्यांच्या वरच्या बाजूची एक दाढच नाही, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे दात बनवताना स्वतःची एक दाढ राहूनच गेली होती. "बायको आहे माझी," जो भेटेल त्याला ते सांगत होते. ज्यानं "घाबरल्या" म्हटलं होतं, त्याला तर दोनदा सांगितलं.

तेव्हापासून जाताना काकू चालवतात, येताना काका. मागच्या महिन्यात दोघं काकूंच्या थोरल्या बहिणीकडे गेले होते, सहा तासांचा रस्ता, एकदाही कुरकुर न करता. बहीण सत्तरीची. तिनं गाडी पाहिली आणि चहासुद्धा पुढे न करता पायात चपला घातल्या. सीटा दोनच. बहिणी बहिणी निघून गेल्या. काका नि साडूभाऊ व्हरांड्यात बसून दोन तास मटार सोलत होते.

"आता येतील," साडूभाऊ दर दहा मिनिटांनी म्हणत होते.

"येऊ द्या सावकाश," काका म्हणाले. "टायर चांगले आहेत."