पाय कापला, पण दुखलं नाही: कोऱ्हाळे ते पळसदेव, दिलीपबरोबर

उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलंय आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलंय, असं दिलीपला गावाकडून कळलं आणि आम्ही मोटरसायकलवरून निघायचं ठरवलं. नव्वदच्या दशकातला मे महिना. वाटेत त्याच्या घरी कोऱ्हाळे बुद्रुकला एक मुक्काम, मग बारामती, भिगवण, पळसदेव, इंदापूर आणि परत पुणे. या भागात जायचं असेल तर हाच रस्ता धरा, असं मी आजही सांगेन. फक्त तेव्हाची हकीकत सांगताना मला देवळाआधी दिलीपच्या खाण्याबद्दल सांगावं लागतं, आणि ते सांगताना माझा आवाज चढतो. इतकी वर्षं झाली तरी चढतो.

दिलीप पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. माझ्या लग्नाआधी आम्ही एका खोलीत राहत होतो. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती विकून वडिलांनी ऊस लावला आणि दोन जर्सी गायी घेतल्या. त्यातल्या एकीला गोऱ्हा झाला. गोऱ्ह्याचा उपयोग नाही म्हणून त्याला पुरेसं दूध मिळालं नाही आणि तो दावणीलाच मेला. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईसमोर ठेवलं, म्हणजे ती पान्हा सोडेल. सुट्टीत घरी आलेल्या दिलीपनं तिला ते कातडं चाटताना पाहिलं. त्या दिवसापासून दूध, दही, तूप, चहातलं दूध, सगळं बंद. मटण त्याआधीच सुटलं होतं. आज याला लोक व्हीगन म्हणतात. तेव्हा आमच्याकडे हा शब्द नव्हता, आम्ही 'दिलीपचं खूळ' म्हणायचो.

त्याच्या कारणावर माझा कधीच राग नव्हता. राग होता पुण्यातल्या एका निसर्गोपचाराच्या आश्रमावर. तिथले गुरुजी त्याला भेटले आणि त्याच्या दयेला त्यांनी आपले नियम चिकटवले. औषध घ्यायचं नाही, सुई टोचून घ्यायची नाही, रक्त तपासायचं नाही. अशक्तपणा आला तर समजायचं की अंगातलं विष बाहेर पडतंय.

पुण्याहून निघतानाच मला खटकलं. गाडी त्याची, आणि दिलीपनं आजवर कुणाला हँडल दिलं नव्हतं. त्या दिवशी किल्ली माझ्या हातात देऊन तो मुकाट्यानं मागे बसला. दिवे घाट चढून सासवडला चहाला थांबलो तेव्हा पिशवीचा बंद त्याला सोडवता येईना. बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात, म्हणाला. गुळाचा कोरा चहाही त्याच्या जिभेला झोंबत होता. मी डॉक्टरचं नाव काढलं तर हसून म्हणाला, विष निघतंय. मी गाडीला अशी किक मारली की टपरीवाला बघत राहिला.

जेजुरी, नीरा करत कोऱ्हाळ्याला पोचलो. नीरेपासून पुढे कालव्याचं पाणी आहे, त्यामुळे रणरणत्या मे महिन्यातही दोन्ही बाजूंना हिरवा ऊस होता. रस्ता मात्र उसाच्या ट्रॅक्टरांनी पार उखडून टाकला होता. घरी त्याच्या आईनं ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा केला होता. यातल्या एकाही पदार्थाला दुधाचा थेंब लागत नाही. तरी दिलीपनं पिशवीतून आपला डबा काढला आणि भिजवलेले मूग आणि काकडी खाऊ लागला. आबा, म्हणजे त्याचे वडील, ताट अर्धं टाकून उठून गेले.

नंतर मी हात धुवायला मागच्या दारी गेलो तेव्हा मावशींनी, म्हणजे दिलीपच्या आईनं, मला गाठलं. दिवाळीत त्यांनी भाकरीचं पीठ लपवून दुधात मळलं होतं. दिलीपला ते कळलं आणि तेव्हापासून त्यानं घरचं अन्न सोडलं.

"लेकरू चालताना भितीला धरतंय रं. आमी काय आंधळं हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी दुधाच्या पावडरीची पुडी माझ्या हातात ठेवली. त्याच्या शेंगदाण्याच्या कुटात कालव, त्याला कळायचं न्हाय, म्हणाल्या.

मी पुडी परत दिली. मला त्यांचाही राग आला. एकदा फसवून त्यांनी पोराचा विश्वास घालवला होता आणि आता उरलासुरला माझ्या हातून घालवणार होत्या. पण त्याहून जास्त राग ओसरीवर शांत चेहऱ्यानं मूग चावत बसलेल्या त्या माणसाचा आला. गाईचं दुःख ज्याला दिसलं, त्याला आईचं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत निघालो. बारामतीत एसटी स्टँडाजवळ मी मिसळ खाल्ली. झणझणीत होती आणि पाव ताजे होते. तिथून भिगवणचा रस्ता सरळ आणि त्या मानानं बरा. टाकी मात्र बारामतीतच भरून घ्या. भिगवणला सोलापूर हायवेला लागलं की डावीकडे उजनीचं पाणी साथ करू लागतं. त्या वर्षी ते लांब, चकाकत्या पट्टीसारखं दिसत होतं. उथळ पाण्यात अजून काही रोहित पक्षी उरले होते. दिलीपनं गाडी थांबवायला सांगितली आणि चित्रवही काढली. पेन्सिल दोनदा हातातून गळली. तिसऱ्यांदा त्यानं वही मिटली आणि म्हणाला, राहू दे, ऊन फार आहे. तो खोटं बोलतोय हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी गाडी सुरू केली आणि डाळज मागे पडलं. पळसदेवच्या अलीकडे एका खानावळीत मी मुद्दाम त्याच्यासमोर बसून तळलेली चिलापी खाल्ली. मासा त्याच दिवशी धरलेला, वर लालभडक रस्सा, आणि दर कुणालाही परवडावा असा. चांगला होता. मला चव लागली नाही.

देवळाकडे गावातून पायीच जावं लागतं. एरवी जिथं होड्या चालतात तिथं गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, मधेमधे ओला चिखल आणि शिंपल्यांचा खच. देऊळ लांबूनच मनात भरतं. काळा दगड, त्यावर पाण्याच्या रेघा, कोरीव खांबांना सुकलेलं शेवाळ. इतकी वर्षं पाण्यात राहूनही सांधा हललेला नाही. मी पुढे जाऊन सभामंडपात उभा राहिलो. आतला गारवा सुखाचा होता.

मागून दिलीप आला. तो खांब बघत फिरत होता आणि मी त्याला बघत होतो. तेवढ्यात फरशीवर लाल ठसे दिसले. आधी वाटलं, कुणी कुंकू सांडलंय. मग लक्षात आलं की ठसे त्याच्यामागून चालत येताहेत.

"दिलीप, तुझी चप्पल कुठाय?"

त्यानं खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती मागे चिखलात कुठंतरी रुतून राहिली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. शिंपल्यानं तळवा बोटभर फाटला होता. रक्त गळत होतं आणि तो दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसा बघत होता.

"दुखत नाहीये," तो म्हणाला.

मी रुमाल बांधला. बांधताना मी त्याला नको नको ते बोललो. त्याच्या गुरुजींना शिव्या घातल्या, त्याला घातल्या. गोऱ्ह्यासाठी रडतोस आणि स्वतःचा पाय दावणीला बांधून मारतोयस, असंही म्हणालो. मंडपाबाहेर जाळं सुकवत बसलेले दोन मच्छीमार आधी हसत होते, मग त्यांनी माना खाली घातल्या.  गाडीकडे येताना दिलीपनं माझा खांदा सोडला नाही.

इंदापूरला एका डॉक्टरांकडे गेलो. फक्त जखम शिवायला येतोय, बाकी काही नाही, असं दिलीपनं मला बजावलं होतं. डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, भूल चढायच्या आधीच तुम्ही शांत कसे? मग त्यांनी जीभ बघितली. ती लाल, गुळगुळीत झाली होती. पायाचा अंगठा वर-खाली करून, न बघता सांगा कुठल्या बाजूला आहे, असं विचारलं. त्याला सांगता येईना. शेवटी पाय जुळवून उभं राहायला आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच दिलीप झाडासारखा कलला. मी पकडला नसता तर टेबलावर आपटला असता.

"पुन्हा," दिलीप म्हणाला. पुन्हा तेच झालं. तेव्हा मात्र त्याचा चेहरा पांढरा पडला.

डॉक्टरांनी सांगितलं की शरीराला बी-बारा नावाचं जीवनसत्त्व लागतं आणि भाजी-भाकरीत ते जवळजवळ नसतं. दूध, अंडी, मांस सोडलं की आधीचा साठा काही वर्षं पुरतो, मग नसा मरायला लागतात. पुण्याला जाऊन रक्त तपासा, पण इंजेक्शन आजच सुरू करा. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. मी लगेच म्हणालो, ऐकलंस, दूध पी. डॉक्टर माझ्यावरच वैतागले. म्हणाले, दुधाचं मी कुठं म्हणालो? पिऊ नका हवं तर जन्मभर. इंजेक्शन घ्या, नंतर गोळ्या घ्या.

दिलीपनं एकच प्रश्न विचारला, ते औषध जनावरापासून काढतात का. नाही, कारखान्यात जंतूंकडून तयार होतं, डॉक्टर म्हणाले. दिलीपनं त्यांच्या हातातली इंजेक्शनची लाल बाटली घेऊन उजेडात धरली.

"घरचे म्हणतात दूध पी. गुरुजी म्हणतात औषध नको," तो म्हणाला. "असंही असतं हे मला कुणीच का नाही सांगितलं?"

आणि त्यानं बाही वर केली. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं.

रात्री इंदापुरात स्टँडासमोरच्या लॉजवर राहिलो. खोल्या साध्या पण स्वच्छ. सकाळी परत कोऱ्हाळ्याला आलो. बांधलेला पाय बघून मावशींनी डोळ्याला पदर लावला. दिलीप चुलीपाशी जाऊन बसला आणि भाकरी मागितली.

"आई, मला परत फसवू नकोस."

"तू मरू नगंस," त्या म्हणाल्या, "मी फसवायची न्हाय."

त्यांनी पीठ त्याच्यासमोर पाण्यात मळलं. आबा उंबऱ्यात उभे होते. ते आत आले आणि पोराशेजारी मांडी घालून बसले.

पुण्यात रक्ताचा अहवाल डॉक्टर म्हणाले होते तसाच आला. हळूहळू दिलीपच्या बोटांत जाण आली आणि तो पुन्हा चित्रं काढू लागला. डाव्या पायाच्या तळव्यात मात्र ती पुरती परतली नाही. आजही तो अंधारात भिंतीला हात लावून चालतो आणि गाडी चालवत नाही. दूध पीत नाही. गोळी न चुकता घेतो.

मी त्या आश्रमात गेलो होतो. एकटाच. गुरुजींना सगळं सांगितलं. ते न रागावता म्हणाले, त्याची श्रद्धा कमी पडली, त्यानं मधेच सोडलं. मला वाटलं होतं ते निदान दचकतील. बाहेर ओसरीवर माणसं रांगेत बसली होती, त्यांत वाकलेली एक म्हातारी आणि तिला धरून तिची सून. मी रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येकासमोर उभं राहून सांगितलं की दूध सोडायचं तर खुशाल सोडा, पण रक्त तपासा आणि गोळी घ्या. काहींनी तोंड फिरवलं. सुनेनं गोळीचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग सेवकांनी माझा दंड धरून मला फाटकाबाहेर काढलं.

दिलीपला हे कळल्यावर तो म्हणाला, तू तमाशा केलास. हो, केला. पळसदेवला जाणाऱ्यांना मी आजही देवळाबद्दल विचाराल तेवढं सांगतो, पाणी कधी उतरतं, वाट कुठून आहे, सगळं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या कोरीव खांबांच्या आधी दगडी फरशीवरची ती लाल पावलं येतात, आणि मला फाटकाबाहेर काढल्यामुळे ज्यांना सांगायचं राहून गेलं, ती रांगेतली उरलेली माणसं.